तिसरा आला, पण आला नाही

सकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळात पुण्यातल्या संसारी माणसाने फक्त दोन गोष्टींकडे बघायचं असतं: दूध उतू जात नाही ना, आणि टाकी भरली की नाही. 2024 च्या जूनमध्ये या दोन्हींकडे पाठ करून मी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, युजीन नावाच्या गावात, कोण किती सेकंदांत पळालं ते बघत होतो. आपणहून नव्हे. भाच्याच्या हुकमावरून.

भाचा यूटा राज्यातल्या प्रोव्होला, ब्रिगहॅम यंग विद्यापीठात एमएस करत होता. हे विद्यापीठ मॉर्मन लोकांच्या चर्चचं. तिथे प्रवेश घेताना एक आचारसंहिता मान्य करावी लागते. दारू-सिगारेट चालत नाही हे ऐकून ताईने देवापुढे साखर ठेवली. दाढी चालत नाही हे ऐकून भावोजी खूश झाले, कारण इतकी वर्षं आरडाओरडा करून त्यांना जे जमलं नव्हतं ते एका अर्जाने जमवलं होतं. मग कळलं की चहा-कॉफीसुद्धा चालत नाही. त्या दिवशी ताईने मला बँकेत फोन करून विचारलं, "अरे, हे विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे ना?"

चहाशिवाय ही माणसं सकाळी उठून करतात तरी काय, याचा उलगडा भाच्याला लवकरच झाला. पळतात. गाव महाबळेश्वरइतक्या उंचीवर, आजूबाजूला डोंगर, आणि त्या विरळ हवेत पोरं-पोरी रोज मैलोन् मैल पळतात. मुलांचे प्रशिक्षक एड आयस्टोन स्वतः दोन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले. मुलींच्या प्रशिक्षक दिलजीत टेलर, आईवडील पंजाबातून तिकडे गेलेले. ही दिलजीतबाईंची माहिती भाच्याने कळवल्यापासून ताईचा त्या विद्यापीठावर विश्वास बसला. "आपली बाई आहे म्हणजे पोराच्या जेवणाकडे बघत असेल," ती म्हणाली. बाई लांब पल्ल्याच्या धावण्याच्या प्रशिक्षक आहेत आणि भाचा पार्किंगपासून वर्गापर्यंतच चालतो, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

पण भाच्याला वारं लागलं. स्वतः पळायचं नव्हे, पळणाऱ्यांच्या मागे पळायचं. आणि ज्याला एखादं वेड लागतं त्याला ते एकट्याने सोसवत नाही, घरातला कोणीतरी लागतो. आई-वडिलांना ढकलणं शक्य नव्हतं. राहता राहिला मामा.

त्याने मला बरोबर मर्मावर पकडलं. "मामा, आमच्या विद्यापीठाची खासियत माहितीये? स्टीपलचेस." झालं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेमुळे आमच्या घरी स्टीपलचेस हा शब्द भाजीपाल्याइतका रोजचा आहे. तीन हजार मीटर, अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्याचा खड्डा. त्याच्याही आधी साताऱ्याकडच्या ललिता बाबरने 2016 मध्ये रिओला या शर्यतीच्या अंतिम फेरीत धडक मारली होती, ती मी टीव्हीसमोर बसून पाहिलेली. पावसाळ्यात रस्त्यावरून चालत ऑफिसला जाणाऱ्या माणसाला या खेळाचं मोठेपण वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

अमेरिकेत ऑलिंपिकचे धावपटू कोणी समिती बसून ठरवत नाही. 'अमक्याला अनुभव आहे, तमक्याचा फॉर्म येईल' ही भानगड नाही. युजीनच्या हेवर्ड फील्डवर सगळ्यांना बोलवायचं, पळवायचं आणि पहिले तीन घ्यायचे. जागतिक विजेता असलात तरी त्या दिवशी चौथे आलात तर घरी बसा. 2024 च्या या निवड चाचणीत, म्हणजे ट्रायल्समध्ये, टोकियोची आठशे मीटरची सुवर्णविजेती अथिंग मू अंतिम फेरीत सुरुवातीलाच गर्दीत पडली, उठली, रडत शेवटची आली, आणि तिला त्या शर्यतीसाठी पॅरिस बंद झालं. दाद मागितली, फेटाळली गेली. त्याच शर्यतीत स्टॅनफर्डची विद्यार्थिनी ज्युलिएट व्हिटेकर तिसरी आली आणि परीक्षांच्या वयात ऑलिंपिकला निघाली. हे वाचून मी हळहळलो आणि टाळ्याही वाजवल्या. दोन्ही एकाच वेळी करताना हातातला फोन कणकेच्या परातीत पडला.

आता वेळेचं गणित. उन्हाळ्यात युजीन आपल्यापेक्षा साडेबारा तासांनी मागे. तिकडे संध्याकाळ उतरते, दिवे लागतात, प्रेक्षक पॉपकॉर्न घेऊन बसतात, तेव्हा इकडे गिझर लावायचा, नळाला पाणी यायचं, डबे भरायचे आणि मोलकरणीचा 'आज येत नाही' असा फोन यायचा. साडेबारा तासांचा फरक ज्याने काढला त्याने भारतीय गृहस्थाश्रमाचा विचारच केलेला नाही. सरळ मध्यरात्र असती तर माणूस जागला असता. जागरणाला एक प्रतिष्ठा असते. सकाळी सात वाजता कोपऱ्यात उभं राहून फोनकडे बघणाऱ्या नवऱ्याला कसलीही प्रतिष्ठा नसते.

शिवाय बघायचं काय, तर आकडे. आमच्या टीव्हीवर ट्रायल्स कुठेही सापडल्या नाहीत, त्यामुळे मी निकालाचं पान उघडून बसायचो. शर्यत चालू असताना त्या पानावर काहीच घडत नाही. नावं असतात, पुढे मोकळी जागा. तुम्ही बोटाने पान खाली ओढता, ते गोल फिरतं, पुन्हा तीच नावं. तिकडे माणसं पाण्यात उड्या मारतायत, कोणी धडपडतंय, स्टेडियम ओरडतंय, आणि इकडे तुम्ही आडनावांच्या यादीकडे बघून श्वास रोखून उभे. आठ-साडेआठ मिनिटांनी एकदम सगळे आकडे टपकतात. तेही माझ्या बाबतीत कधी टपकले नाहीत, कारण त्याआधीच भाच्याचा मेसेज यायचा: "मामाााा!!!" हा आनंदाचा की दुःखाचा हे कळायला मार्ग नसायचा.

प्राथमिक फेऱ्यांत नावापुढे एक क्यू लागतो. मोठा क्यू म्हणजे क्रमांकावर पुढे गेला, छोटा क्यू म्हणजे क्रमांक हुकला पण वेळ चांगली दिली म्हणून गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन "आपल्याला छोटा क्यू मिळाला!" असं जाहीर केलं, तेव्हा बायको म्हणाली, "बाथरूमबाहेर मोठा लागलाय, तो आधी बघा."

या 'आपल्या'चाही घोळ होताच. मला वाटलं होतं, विद्यापीठाचे धावपटू म्हणजे यादीत नावासमोर विद्यापीठाचं नाव असलेले. तसं नाही. शिकून बाहेर पडले की हे लोक बुटांच्या कंपन्यांशी करार करतात आणि यादीत कंपनीचं नाव लागतं. भाच्याला ते मान्य नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकी जशा गणपतीत माहेरच्या मोजल्या जातात, तशी तो प्रोव्होत कधीकाळी चार वर्षं काढलेली सगळी माणसं मोजायचा. केनेथ रूक्स? आपला. कोर्टनी वेमेंट? आपली. व्हिटनी मॉर्गन? आपलीच. मॅरेथॉनच्या ट्रायल्स तर फेब्रुवारीतच ऑरलँडोला होऊन गेल्या होत्या, तिथे कॉनर मँट्झ आणि क्लेटन यंग एका सेकंदाच्या अंतराने पहिले-दुसरे आले, तेही आपले. त्यात बरेच जण शिक्षणाच्या मध्ये चर्चच्या कामासाठी दोनेक वर्षं जाऊन येतात, त्यामुळे 'कॉलेजातलं पोर' म्हणून ज्याचं कौतुक करायचं तो चोविशी-पंचविशीचा बाप्या निघतो.

रूक्सची गोष्ट मात्र खरोखर ऐकण्यासारखी आहे. 2023 च्या राष्ट्रीय स्पर्धेत, याच मैदानावर, तो अंतिम फेरीत सुरुवातीलाच अडथळ्याला अडकून सपशेल पडला. उठला तेव्हा सगळ्यांच्या मागे. आणि तिथून एकेकाला गाठत जिंकला. ही चित्रफीत भाच्याने मला इतक्यांदा पाठवली की तो कुठल्या पायावर उठला हेही मी सांगू शकतो.

तर पुरुषांची स्टीपलचेस फायनल. रूक्स पहिला, 8:21.92. मॅथ्यू विल्किन्सन दुसरा, तो मिनेसोटाचा, म्हणजे परका. आणि तिसरा जेम्स कॉरिगन, 8:26.78. हा अस्सल आपला, यादीत नावासमोर विद्यापीठाचं नाव असलेला, अजून शिकत असलेला. पहिले तीन! मी हॉलमध्ये एक उडी मारली, पाण्याच्या खड्ड्यावरून मारतात तशी, आणि भाच्याला फोन लावला.

"अभिनंदन! तिसरा आला!"

"हो मामा. पण आला नाही."

मग त्याने मला जे समजावलं ते आयकरच्या नव्या-जुन्या पद्धतीपेक्षा अवघड होतं. पहिले तीन हे खरं. पण त्यांच्याकडे ऑलिंपिकची पात्रता वेळ तरी हवी किंवा जागतिक क्रमवारीत पुरेसं वरचं स्थान तरी. पात्रता वेळ 8:15.00. पहिल्या दोघांची सोय झालेली होती. कॉरिगनकडे दोन्ही नव्हतं. आणि मुदत 30 जूनला संपत होती. म्हणजे पोराने आठवड्याच्या आत कुठेतरी जाऊन पुन्हा एक स्टीपलचेस पळायची आणि ट्रायल्सपेक्षा जवळपास बारा सेकंद कमी वेळात.

"पण स्पर्धा कुठे आहे?"

"शोधतायत."

हे मला फार ओळखीचं वाटलं. सगळी कागदपत्रं झाली, नंबर लागला, आणि शेवटच्या खिडकीवरचा माणूस म्हणतो, एक दाखला राहिलाय, शनिवारपर्यंत आणा. त्याच दिवसांत आळंदी-देहूहून पालख्या निघत होत्या. लाखो माणसं पंढरपूरला पायी जायच्या तयारीत, आणि त्यांतल्या कोणालाही पात्रता वेळ द्यावी लागत नव्हती. आपल्याकडच्या व्यवस्थेत काही गोष्टी किती उदार आहेत हे अशा वेळी कळतं.

आणि याच नियमाच्या दुसऱ्या टोकाला व्हिटनी मॉर्गन. ती पाच हजार मीटरमध्ये पाचवी आली. पाचवी! पण वरच्या दोघींनी पॅरिसला दुसऱ्या अंतरावर लक्ष द्यायचं ठरवलं, आणि ही गेली. पुरुषांच्या पाच हजारात नॉर्थ कॅरोलायनाचा पार्कर वुल्फ तिसरा आला आणि घरी राहिला. हार्वर्डचा ग्रॅहम ब्लँक्स बराच मागे आला आणि गेला, कारण पात्रता वेळ त्याने आधीच खिशात टाकलेली. मी हे सगळं ऑफिसात एका सहकाऱ्याला समजावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे अकरावीच्या ॲडमिशनसारखंच." त्याच्या मुलीची त्या वर्षी होती.

कोर्टनी वेमेंट एवढी सरळ बाई दुसरी नाही. महिलांच्या स्टीपलचेसमध्ये आली दुसरी, वेळ 9:06.50, पात्रता वेळेच्या कितीतरी आत, विषय संपला. अशा माणसांबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. त्यांचं फक्त चांगलं होतं.

कॉरिगनसाठी शेवटी फिलाडेल्फियात, फ्रँकलिन फील्डवर, 29 जूनला शर्यत मिळाली. तारीख वाचली आणि मी कॅलेंडरकडे बघितलं. 29 जून. बार्बाडोस. भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका, टी-20 विश्वचषकाची फायनल.

त्या रात्री देशात काय झालं ते सांगायला नको. सूर्यकुमारने सीमारेषेवर झेल घेतला, आमच्या सोसायटीत माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी खाली धावली, रस्त्यावर ढोल आले, फटाके लागले. मीही नाचलो. पण नाचता नाचता मध्येच फोन काढून बघत होतो. शेजारच्या जोशीकाकांनी खांद्यावर हात टाकून विचारलं, "आता कशाचा स्कोअर बघतोस? जिंकलो ना आपण!" मी म्हटलं, "फिलाडेल्फियाचा." काकांनी हात काढून घेतला आणि मला कोणीतरी लिंबू-सरबत द्या असं सुचवलं.

सकाळी उठून बघतो तर भाच्याचा मेसेज. शब्द एकही नाही, नुसता आकडा: 8:13.87.

त्याआधी हा मुलगा 8:21 च्या आत कधी आलेला नव्हता. मुदत संपायला एक दिवस असताना त्याने स्वतःच्या वेळेतून सात सेकंद काढून टाकले. मी खाली गेलो तर जोशीकाका जळालेल्या फटाक्यांच्या कागदांतून वाट काढत पेपर आणत होते. "काका, गेला!" मी म्हटलं. त्यांनी चपापून विचारलं, "कोण? कधी?"

पॅरिसला कॉरिगन पहिल्याच फेरीत बाद झाला. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. जायचं होतं तिथे तो पोचला होता. खरा पेच पुढेच होता. अंतिम फेरीत एका बाजूला रूक्स आणि दुसऱ्या बाजूला आमचा साबळे, या शर्यतीची ऑलिंपिक फायनल गाठणारा पहिला भारतीय पुरुष. रात्री एक वाजून गेल्यावर शर्यत. या वेळी टीव्हीवर, खरीखुरी, माणसं हलताना दिसणारी. भाच्याने आधीच विचारून ठेवलं होतं, "मामा, तू कोणाच्या बाजूने?" मी म्हटलं, "मांडव्याच्या." तो म्हणाला, "मीपण. पण दुसरा नंबर आपल्याच विद्यापीठाला."

शेवटच्या फेरीत रूक्स अचानक सगळ्यांच्या पुढे. मोरोक्कोचा एल बक्काली, केनियाचा किबिवोट, इथिओपियाचा गिर्मा हे सगळे मागे, आणि आपला दाढी न ठेवणारा, चहा न पिणारा पोरगा पुढे! गिर्मा वाईट पडला, काळजाचा ठोका चुकला. एल बक्कालीने शेवटी गाठलंच, 8:06.05. रूक्स 8:06.41, रौप्य. साबळे 8:14.18 करून अकरावा आला. म्हणजे भाच्याने मागितलं ते तंतोतंत मिळालं, मला काही नाही.

मी घरच्या ग्रुपवर रात्री दीड वाजता लिहिलं, "आपल्या विद्यापीठाला ऑलिंपिक रौप्य!" सगळे झोपलेले. जागी होती फक्त ताई, तिला आनंद झाला हे उघड होतं, कारण तिने लगेच टाइप करायला घेतलं. बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं:

"छान. याच्यामुळे पुढच्या सेमिस्टरच्या फीमध्ये काही कमी होईल का?"