पेसमेकर आणि एमआरआय: त्या मेसेजमधलं खरं किती?

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. पेसमेकरवाल्यानं एमआरआय केला तर चुंबक पेसमेकर खेचून काढतं, हृदयाचा एमआरआय तर त्याला कधीच होत नाही. पण पेसमेकर नवा असेल तर कुणाला सांगायचीही गरज नाही. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात घातक.

आधी खेचण्याचं बघू. पेसमेकरची डबी टायटॅनियमची. तिला चुंबक ओढत नाही. आत लोखंड असलंच तर किरकोळ. शिवाय दीडेक महिन्यात डबी आणि तारा शरीरात पक्क्या होतात, म्हणून बसवल्यावर साधारण सहा आठवडे थांबायला सांगतात. खरी भीती दुसरीच आहे. रेडिओलहरींनी तारेचं टोक तापू शकतं. आणि मशीनचा विद्युत गोंगाट हे हृदयाचेच ठोके समजून पेसमेकर गप्प बसू शकतो. ज्याचं हृदय पूर्णपणे त्याच्यावरच चालतं, त्याचं मग काय? आयसीडीला, म्हणजे हृदयाचा ताल जीवघेणा बिघडला की शॉक देणाऱ्या यंत्राला, तोच गोंगाट असा ताल वाटला तर तो शॉक देईल.

पूर्वी मृत्यू झालेत, ते नाकारत नाही. पण आता स्कॅनआधी, हृदय पेसमेकरवरच चालत असेल तर तो ठरलेल्या वेगानं ठोके देत राहील असा लावतात, आयसीडीचे शॉक बंद करतात, ईसीजीवर नजर ठेवतात. २०१७च्या अमेरिकेतल्या मॅग्नासेफ नोंदणीत एमआरआयसाठी न बनवलेल्या पेसमेकरांचे १००० आणि आयसीडींचे ५०० स्कॅन होते, १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकावर. स्कॅनदरम्यान एकही मृत्यू नाही, एकही तार निकामी नाही. एक आयसीडी बदलावा लागला. त्याचं सेटिंगच आधी नीट केलेलं नव्हतं.

त्यात छातीचे स्कॅन नव्हते, हा आक्षेप रास्त. पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या अमेरिकन अभ्यासात छातीचेही होते: १५०९ रुग्ण, २१०३ स्कॅन. नऊ वेळा छातीतलं यंत्र रीसेट झालं, त्यातले आठ तात्पुरते.

हृदयाच्या चित्रावर काळी सावली पडते, हे मात्र खरं. डावीकडचा आयसीडी मोठा, त्याची सावली हृदयाच्या पुढच्या भागावर येते. उजवीकडच्या पेसमेकरचा त्रास कमी. वाइडबँड नावाच्या स्कॅनच्या खास पद्धतीनं सावली बरीच आवरते आणि हृदयाच्या स्नायूतला व्रण दिसतो. सार्कॉइडोसिससारख्या, अवयवांत सुजेच्या गाठी करणाऱ्या आजारात इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) न दिसणारं तेच हवं असतं.

आता ते 'सांगायची गरज नाही'. एमआरआयला चालणारा पेसमेकर म्हणजे अटींसह चालणारा. डबी आणि तारा, दोन्ही त्या जोडीतल्या हव्यात. त्या जोडीत नसलेल्या जुन्या तारांवर नवी डबी बसवली की ती मान्यता उरत नाही. छातीत सोडून दिलेली जुनी तार असेल तर निर्णय आणखी जपून. म्हणून पेसमेकरचं कार्ड दाखवायचंच. २०२१च्या पुरात चिपळुणात किती घरांतले कागद गेले! कार्ड गेलं असेल तर जिथे बसवलं तिथे नोंद मिळते, छातीच्या एक्स-रेवरूनही मॉडेल ओळखता येतं.

कोकणात खरी अडचण सेटिंग बदलणाऱ्या माणसाची. तो प्रोग्रॅमर, म्हणजे सेटिंग बदलायचं यंत्र, घेऊन त्या दिवशी येणार का, हे कोल्हापूर, गोवा किंवा मुंबईची गाडी धरण्याआधी फोनवर पक्कं करा. आणि स्कॅन झाल्यावर टेबलावरून उठलात म्हणजे झालं असं नाही. आयसीडीचे शॉक पुन्हा चालू केलेत ना, हे विचारल्याशिवाय तिथून हलू नका.