रेट पाडू नका, काम कमी करा

प्रॉडक्ट फोटोग्राफीत नव्याने उतरलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: एका फोटोचे किती सांगू? माझं मत स्पष्ट आहे. वस्तू न बघता फोटोमागे रेट सांगूच नये. त्यात तुमचंही नुकसान होतं आणि समोरच्या छोट्या धंदेवाल्याचंही.

स्टीलची चकचकीत बाटली घ्या. तिच्यात अख्खी खोली दिसते: कॅमेरा, ट्रायपॉड, खिडकी, तुमचा शर्टसुद्धा. दोन्ही बाजूंना डिफ्यूजन (लाइट मऊ करणारे अर्धपारदर्शक पडदे), त्यामागे लाइट, कडा उठून दिसाव्यात म्हणून काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, आणि मग एकेक पट्टी बोटभर सरकवत पुन्हा पुन्हा बघायचं. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, चढवून हे सुटत नाही. काचेवरची, प्लास्टिकवरची चमक त्याने बरीच मरते, उघड्या धातूवरची नाही. एवढा खटाटोप करून एक अँगल हाती लागतो. पण त्याच बाटल्या आठ असतील आणि फरक फक्त झाकणाच्या रंगाचा असेल, तर उरलेल्या सात त्याच मांडणीत भराभर निघतात. मग पहिल्या आणि आठव्या फोटोचा भाव सारखा कसा? म्हणून हिशोब मांडणीचा करा: मांडण्या किती, रीटचिंग (नंतर कॉम्प्युटरवर करायची सफाई) किती. मॅट काळ्या डब्यावरची धूळ पुसायला शूटपेक्षा जास्त वेळ जातो, तोही धरा.

आता क्लायंट म्हणतो, बजेट एवढंच आहे. बहुतेक वेळा तो खरंच सांगत असतो, आणि त्याच्याबद्दल मला आस्था आहे. पण म्हणून तेच काम निम्म्या पैशांत करू नका, कारण पुढच्या वेळी तोच भाव गृहीत धरला जातो. त्याऐवजी काम कापा. सध्या फक्त पांढऱ्या बॅकग्राउंडचे फोटो करू म्हणा. अॅमेझॉनच्या मुख्य फोटोची अट ठरलेली आहे: शुद्ध पांढरं बॅकग्राउंड (आरजीबी 255, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही पूर्ण), वस्तूने फ्रेमचा 85 टक्के भाग व्यापलेला, आणि झूम चालायला लांब बाजू किमान 1000 पिक्सेल. हे एका मांडणीत होतं. वस्तू पुसून, लेबलं सरळ चिकटवून आणायचं काम त्याच्याकडे द्या. सजवलेले फोटो विक्री सुरू झाल्यावर करता येतात. त्याचे पैसे वाचतात, तुमचा रेट जागेवर राहतो.

वापराचा मुद्दा बहुतेक जण सोडूनच देतात. वेबसाइटसाठी काढलेला फोटो उद्या पॅकिंगवर किंवा होर्डिंगवर गेला, तर त्याचं मोल वेगळं. इथे कायदाही देशोदेशी उलटा आहे. अमेरिकेत फ्रीलान्सरने काढलेल्या फोटोचा कॉपीराइट सहसा त्याचाच असतो. भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक वेगळा करार नसेल तर क्लायंट. तेव्हा कुठे आणि किती काळ वापरणार, हे कोटेशनमध्येच लिहा.

तिथेच अॅडव्हान्सही लिहा. वस्तू मागवण्याआधी तो हातात हवा. आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या. सावली हलकी करणं, रंग जुळवणं ही दुरुस्ती. क्लायंटने मागाहून लेबल बदललं आणि पुन्हा शूट लागलं, तर त्याचं कोटेशन नवं.