बाग मारण्याची सभ्य रीत

बागेला विरोध कधीही करू नका. ती नवख्यांची चूक. झाड तोडायचं म्हटलं की माणसं त्याला मिठ्या मारतात, आणि एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे शेजारी हातात हात घालून साखळी करतात. तुमच्या हाती अंदाजपत्रक आलंय ना? मग कुऱ्हाड कशाला हवी! बाग करा, वाजतगाजत करा. कोनशिलेवर नाव कोरून घ्या, रोपापाशी वाकून फोटो काढून घ्या. फक्त त्या रोपाला उद्या पाणी कोण घालणार, हे अंदाजपत्रकात येऊ देऊ नका.

सगळी कला एवढ्यातच आहे. बाग उभारणं हा भांडवली खर्च. त्याला उद्घाटन असतं, म्हणून पैसेही असतात. देखभाल हा महसुली खर्च. माळ्याचा पगार, पंपाची दुरुस्ती, झोपाळ्याच्या गंजलेल्या कड्या, यातल्या कशाचीही फीत कापता येत नाही. फाटकाच्या बिजागरीला तेल घातल्याचं लोकार्पण तुम्ही कधी पाहिलंत? तेव्हा सुरुवातीला माळी भरपूर नेमा आणि पुढे रिकाम्या होणाऱ्या जागा भरू नका. माळ्याला काढावं लागत नाही, तो आपोआप निवृत्त होतो.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही, थोरामोठ्यांनी घालून दिलेला धडा आहे. अमेरिकेनं १८७२ साली यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं. कायदा झाला, पैसा नाही. पहिले अधीक्षक नॅथॅनियल लँगफर्ड यांनी पाच वर्षं बिनपगारी काढली. त्यांच्या नावाची आद्याक्षरं एन. पी., म्हणून लोक त्यांना ‘नॅशनल पार्क’ लँगफर्ड म्हणायचे. पगाराच्या बदल्यात टोपणनाव! ही काटकसर वहीत लिहून ठेवा. १८८६ साली तर तिथल्या संसदेनं पैसे देणंच थांबवलं आणि उद्यान सांभाळायला लष्कर पाठवावं लागलं. ते तीन दशकं तिथं होतं.

फारच ओरड झाली तर स्वतंत्र निधी स्थापन करा. दचकू नका. निधी असणं वेगळं आणि त्यातले पैसे मिळणं वेगळं. याच अमेरिकेत १९६४ साली जमीन आणि पाण्याच्या संवर्धनासाठी असा निधी निघाला. समुद्रातल्या तेल-वायूच्या उत्पन्नातून त्यात भर पडायची, आणि वर्षाची मर्यादा पुढे ९० कोटी डॉलरवर गेली. कागदावर रक्कम जमा व्हायची आणि बहुतेक वर्षी तिचा मोठा हिस्सा भलत्याच कामांकडे वळायचा. कोणी ‘पैसे नाहीत’ म्हणालं तर निधी दाखवायचा, ‘निधी आहे ना?’ म्हणालं तर तरतूद दाखवायची. पूर्ण रक्कम दर वर्षी खर्च करण्याची सक्ती झाली ती थेट २०२० साली. चांगल्या युक्तीला वय असतं ते असं.

इंग्लंडात तर याहून सोपं. उद्यानं राखणं हे तिथल्या स्थानिक संस्थांचं कायदेशीर कर्तव्यच नाही. त्यामुळे कात्री हातात आली की आधी कुठे चालवायची, यावर चर्चा करत बसावं लागत नाही.

आता धीर धरा. गवत जाईल, माती उडेल, दिवे फुटतील. १९७० च्या दशकात न्यू यॉर्क शहर कंगाल झालं तेव्हा खुद्द सेंट्रल पार्कची ही गत झाली होती. १९८० साली नागरिकांनी संस्था काढली आणि देणग्यांतून बाग सावरली. ही गोष्ट भाषणात जरूर सांगा: ‘बघा, लोकांनी मनावर घेतलं की सरकार लागत नाही!’ त्या बागेला खेटून कुणाकुणाची घरं आहेत, तेवढं गाळा. ज्या वस्तीत दोन खोल्यांत सहा माणसं राहतात, तिथल्या बागेला देणगीदार कुठून मिळणार, असं कोणी विचारलंच तर लोकसहभागावर बोलत राहा.

काही गोष्टी मात्र लोकांच्या कानावर जाऊ देऊ नका. इंग्लंडातल्या बर्कनहेड पार्कचा खर्च भोवतीचे भूखंड विकून काढायचं ठरलं होतं. १८४७ साली ते खुलं झालं. बागेनं शेजारच्या जमिनीचा भाव वाढतो हे इतक्या जुन्या काळी लोकांना कळलं होतं, ही आपल्या दृष्टीनं वाईट बातमी. त्याहून वाईट म्हणजे कोलोरॅडोतल्या बोल्डर गावानं १९६७ साली मोकळ्या जागा विकत घेण्यासाठी स्वतःवर विक्रीकर लावून घ्यायला मतदान केलं. स्वतःहून कर मागणारे मतदार! आणि १९९७ साली न्यू यॉर्कनं शहराला पाणी पुरवणाऱ्या कॅट्सकिल या डोंगराळ भागात पाणलोटाच्या जमिनी राखायचा करार केला, त्यामुळे पाणी गाळण्याचा अब्जावधींचा प्रकल्प टळला. तुमच्या हिशेबात असलं काही बसत नाही. मोकळी जमीन पाऊस जिरवते, उन्हाळ्यात आसपासचा ताप उतरवते, पण पावती फाडत नाही. जमेच्या बाजूला तिचं नाव येऊच देऊ नका.

एवढं पाळलंत तर आठ-दहा वर्षांत लोकच निवेदन घेऊन येतील: ही ओसाड जागा गर्दुल्ल्यांचा अड्डा झाली आहे, इथं काहीतरी बांधा. निवेदन घेताना चेहरा पडलेला ठेवा. ‘लोकभावनेपुढे माझा नाइलाज आहे,’ म्हणा. जुनी कोनशिला मात्र जपून काढून घ्या. तिची मागची बाजू कोरी असते.