जिन्यातला दिवा पूर्ण विझू देऊ नका

गेल्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमाराला आई दुसऱ्या मजल्याच्या वर, वळणावर अंधारात कठडा धरून उभी होती. वय ७८, गुडघे दुखरे, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढते. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि वीज वाचवायला सोसायटीने जिन्यात माणूस आलं की लागणारे, थोड्या वेळाने आपोआप विझणारे सेन्सरचे दिवे लावलेत. मागचा सेन्सरचा दिवा विझला होता आणि पुढच्या सेन्सरच्या टप्प्यात ती अजून आली नव्हती. तोल गेला असता तर काय, हा विचार मनातून जात नाही.

सेन्सर लावायला माझा विरोध नाही. सोसायटीच्या सभेत मीही त्याच बाजूने मत दिलं होतं. पण ते लावले कसे, हे कुणी पाहिलंच नाही. बहुतेक सेन्सरवर वेळेचा, म्हणजे दिवा किती वेळ जळत राहील ते ठरवणारा, एक बारीक स्क्रू असतो. चाचणीसाठी तो अगदी कमी, दहाएक सेकंदांवर ठेवतात. आमच्याकडे तो तसाच राहून गेला. तरुण माणूस तेवढ्यात मजला चढतो, आई चार पायऱ्या. त्यात आपल्याकडचे सेन्सर पीआयआर प्रकारचे, म्हणजे अंगाची उष्णता हलली की ओळखणारे. समोरून आडवं गेलेलं माणूस त्यांना चटकन कळतं, सरळ त्यांच्याकडे सावकाश येणारं उशिरा कळतं.

आता बचतीचं बघू. जुनी ३६ वॅटची ट्यूब चोकसकट पन्नासच्या आसपास वॅट घ्यायची. रोज बारा तास धरले तर महिन्याला १८ युनिट. २० वॅटची एलईडी लावली की ७.२ युनिट. मोठी बचत इथेच झाली! आता हीच एलईडी कुणी नसताना ५ वॅटवर मंद जळत ठेवली, तर रात्रभराचे मिळून महिन्याला दोन युनिटसुद्धा होत नाहीत. एका दिव्यामागे एवढ्यासाठी आपण म्हाताऱ्या माणसांना काळोखात उभं करतोय.

असे मंद होणारे दिवे बाजारात सहज मिळतात. माणूस आलं की पूर्ण उजेड, गेलं की मंद. जिन्याला आणि पॅसेजला तेच लावावेत. मीटर रूम, गच्चीचं दार इथे पूर्ण बंद होणारे चालतील. गेटवरच्या आणि कंपाउंडच्या दिव्यांना उजेडावर चालणारा स्विच बसवावा, कारण सकाळी दहापर्यंत जळणारे ते दिवे मी रोज बघतो, आणि खरी उधळपट्टी ती आहे. नवे दिवे येईपर्यंत वेळेचे स्क्रू निदान दोन मिनिटांवर आणून ठेवा. हे काम उद्याही होईल. शिडी मी देतो, इलेक्ट्रिशियनचे पैसेही मी देतो.

रविवारी सभेत हा विषय मी लेखी मांडणार आहे. त्याआधी कमिटीतल्या प्रत्येकाने एकदा रात्री तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत चढून यावं, आईच्या चालीने.