नळ मोजायचे की माणसं?

एप्रिल 2025 मध्ये मुंबईतल्या टँकरवाल्यांनी संप पुकारला तेव्हा आमच्या मुलुंडच्या सोसायटीत जो तो जलतज्ज्ञ झाला होता. संप मिटला, विषय संपला. पण घोडं अडलं होतं कुठे? विहिरी-बोअरमधून पाणी उपसायला केंद्रीय भूजल प्राधिकरणाची परवानगी हवी, यावर. म्हणजे पैसे मोजून आपण मागवतो ते मुंबईच्याच पोटातलं पाणी.

त्याचा हिशेब कोण ठेवतं? आमच्याकडे वॉचमन. केबिनमध्ये खिळ्याला सुतळीने बांधलेली वही आहे. गाडी नंबर, वेळ, सही. किती लिटर, हा रकानाच नाही! कमिटी बिल पास करते, आम्ही मेंटेनन्स भरतो, आणि टाकी वाहायला लागली की खिडकीतून ओरडतो, "अहो, पंप बंद करा!" झाला लोकसहभाग.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सरकारने घालून दिलेल्या नमुना नियमांप्रमाणे, पाण्याचा खर्च वाटायचा तो फ्लॅटमधल्या नळजोडण्यांची संख्या आणि आकार बघून. तेवढे पैसे भरले की पाइप लावून दोन गाड्या धुवा, कोण विचारतो? कुणाच्या वाट्याला किती पाणी, हा प्रश्नच येत नाही.

पुरंदर तालुक्यात तो विचारला गेला. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या हिशेबाने नाही, माणशी: अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी घालायचा. मोठ्या बागायतीची स्वप्नं बघणाऱ्याला हे किती झोंबलं असेल!

"गावाचं वेगळं, शहराचं वेगळं," असं आता कुणीतरी लिहीलच. वेगळं आहेच. आपल्याला शहापूर तालुक्यातल्या भातसा-तानसा धरणांचं पाणी घरात येतं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतो. पण मग शहरातल्याच वस्त्या बघा. काही घरांत मिळून एक जोडणी, तिचा एक सेक्रेटरी, बिलाची वर्गणी, मोटर कुणी लावली यावरून रोजची भांडणं. भांडत का होईना, लोक पाणी चालवतात. 2000 नंतरच्या, म्हणजे अनधिकृत धरलेल्या, झोपड्यांनाही पाणी द्यायला हवं, हे 2014 मध्ये हायकोर्टातून मिळवलं तेही पाणी हक्क समितीने.

आपण मात्र सुशिक्षित! "पाणी वाचवा" असं लिहिलेला बोर्ड लिफ्टशेजारी लावला की झालं.

मी येत्या एजीएमला ठराव मांडणार आहे. बोअरला मीटर, वहीत लिटरचा रकाना, आणि माणशी ठरलेल्या पाण्यापुढे चढा दर. अनुमोदक अजून मिळालेला नाही. खरी अडचण शेवटच्या मुद्द्याची आहे: चढा दर लावायचा तर फ्लॅटवार मीटर हवेत, आणि आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये एकेका फ्लॅटला किचनची वेगळी, बाथरूमची वेगळी, फ्लशची वेगळी लाइन येते. कुणाच्या सोसायटीने हे जमवलं असेल तर प्लंबिंग कसं केलं आणि खर्च किती आला, तेवढं सांगा.