मातीत खेळलं की दमा होत नाही?

‘मातीत खेळणाऱ्या मुलांना दमा-ॲलर्जी होत नाही, फिनलंडमध्ये सिद्ध झालं’ असा मेसेज फिरतोय. तसं काही सिद्ध झालेलं नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३ ते ५ वर्षांची ७५ मुलं होती आणि प्रयोग चालला २८ दिवस. काही पाळणाघरांच्या उजाड, खडीच्या अंगणात जंगलातल्या जमिनीचे झुडपांसकट थर, हिरवळ, चढायला-उकरायला पीटचे (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचे) ठोकळे आणून टाकले. मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली, रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या काही खुणाही बदलल्या. आजार टळतो का, हे त्यात तपासलंच नव्हतं. शिवाय ती जंगलातली माती. सोसायटीमागचा राडारोडा नव्हे. अर्थात, हा खुलासा दाखवून अंगणभर पेव्हर ब्लॉक ठोकू नका म्हणजे झालं!