इंजिनची टकटक आणि ‘वीस-पन्नास’चा उतारा

गेल्या दोन-तीन महिन्यांत एकच मेसेज मला सात-आठ जणांनी पाठवलाय. त्यात म्हटलंय: ‘इंजिनमधून टकटक येतेय? ते टॅपेट असतं, त्याने काही होत नाही. २०डब्ल्यू-५० ऑइल भरा, आवाज बंद. हल्ली ई२०मुळे हे सगळ्यांनाच होतंय, प्रीमियम पेट्रोल टाका. ऑइलचा लाल दिवा लागला तर टॉप-अप करा आणि हळूहळू गॅरेज गाठा.’ (२०डब्ल्यू-५० म्हणजे जाड ग्रेडचं ऑइल, ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.) गाडी दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि या सल्ल्याने मेलेलं इंजिन मी स्वतःच्या हाताने खोललंय. म्हणून उत्तर देतोय.

‘टकटक म्हणजे टॅपेट’

कधी असतं, कधी नसतं. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग. तो वर, इंजिनच्या हेडमध्ये असतो. तिथला कॅमशाफ्ट (टॅपेट दाबणारा दांडा) क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या खालच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, क्रँक मिनिटाला ८०० फेरे मारत असेल, तर एक ढिला टॅपेट ४०० वेळाच वाजणार. आवाज बारीक, शिलाई मशीनसारखा. कनरॉडचं (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग झिजलं असेल तर ठोका खालून येतो, क्रँकच्या फेऱ्यागणिक येतो आणि जड असतो, बंद दारावर मूठ आपटल्यासारखा. गाडी गरम झाली, ऑइल पातळ झालं की तो वाढतो. अॅक्सिलरेटर दोन-अडीच हजार आरपीएमवर धरून किंचित सोडला की खडखड स्पष्ट ऐकू येते. एकेका सिलिंडरचा कॉइल (ठिणगी देणारा) किंवा इंजेक्टरचा (इंधन सोडणारा) कनेक्टर काढून पाहिला आणि एका ठिकाणी ठोका मंदावला, तर दुखणं त्याच सिलिंडरच्या खाली आहे.

याउलट सकाळी थंड इंजिनवर टिकटिक आणि पाच-सात मिनिटांत गायब, असं असेल तर आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचं) गॅस्केट बघा. लोखंड तापून फुगतं आणि फट आपोआप मिटते. ज्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत तिथे फक्त स्टार्ट करताना दोन-चार सेकंद खडखड झाली, तर ऑइल फिल्टर कुठला बसवलाय ते विचारा. स्वस्त फिल्टरमध्ये ऑइल मागे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह धड नसतो, रात्रभरात वरचं ऑइल खाली उतरतं. आणि इंजेक्टरची टिकटिक हा तर बिघाडच नाही.

हे ओळखायला महागडं मशीन लागत नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. फक्त बेल्ट आणि पंख्यापासून हात, बाही, ओढणी दूर ठेवा. आवाज वर मोठा की खाली, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

‘त्याने काही होत नाही’ हेही खरं नाही. ढिला टॅपेट कॅम खातो. आवाज मारायला कुणी तो गरजेपेक्षा टाइट केला, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. तेव्हा मात्र इंजिन अगदी शांत असतं.

‘२०डब्ल्यू-५० भरा’

माझा सगळ्यात मोठा राग या वाक्यावर आहे, कारण याने आवाज खरंच कमी होतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच जागा असते. झीज झाली की ती वाढते, कनरॉड ठोके देऊ लागतो. जाड ऑइल त्या जागेत गादीसारखं बसतं, ठोका दबतो. झीज तशीच चालू राहते. आजच्या बऱ्याच इंजिनांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असं पातळ ऑइल लागतं, त्यांचे ऑइलचे मार्ग बारीक आहेत. थंडीत पहाटे स्टार्ट केल्यावर वीस-पन्नास वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कॅम कोरडा घासतो. मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतील तर त्यातली जाड निवडायला माझी हरकत नाही. त्याबाहेर जाऊ नका.

माझ्या मेहुण्याच्या गाडीत एका गॅरेजवाल्याने हेच केलं. तीन आठवडे गाडी शांत होती. मग कसारा घाटात बेअरिंग फिरलं आणि क्रँकला धरून बसलं. आम्ही चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) खोलायच्या आधी ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये काढलं आणि उन्हात नेलं, तर सोनेरी भुकटी चमकत होती. चुंबक फिरवला, एक कण चिकटला नाही. ते लोखंड नव्हतं, बेअरिंगचा थर होता. वाटीसारखे ते दोन अर्धे तुकडे हातात घेतले तेव्हा आतलं तांबं उघडं पडलेलं दिसत होतं. तीन आठवड्यांपूर्वी बेअरिंगचा सेट आणि क्रँकचं ग्राइंडिंग यात भागलं असतं. आता क्रँक, कनरॉड, सगळंच बदलावं लागलं.

‘ई२० आणि प्रीमियम पेट्रोल’

इथे दोन वेगळे आवाज एकत्र केलेत. चढावर, लोड पडल्यावर काचेच्या गोट्या हलवल्यासारखी जी खणखण येते, ते पेट्रोल वेळेआधी पेटण्याचं नॉकिंग. तिथे ऑक्टेनचा, म्हणजे पेट्रोल वेळेआधी न पेटण्याच्या क्षमतेचा, संबंध आहे. पण इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलहून जास्त असतो, म्हणजे ई२०मुळे नॉकिंग वाढत नाही. मायलेज घटणं, जुन्या गाड्यांचे रबरी पार्ट या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या वेगळ्या. घाटात चौथ्या गिअरमध्ये गाडी रेटत असाल तर आधी तिसरा टाका. तरी आवाज राहिला तर कार्बन, स्पार्क प्लग आणि कूलंट तपासा. बेअरिंगच्या ठोक्याला १०० ऑक्टेनचं पेट्रोलही काही करू शकत नाही.

‘लाल दिवा लागला तरी हळूहळू न्या’

तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचं प्रेशर पडलंय हे सांगतो. ऑइल मोजायच्या पट्टीवर ऑइल पूर्ण असतानाही तो लागू शकतो. स्पीड ब्रेकरवर चेंबर आपटून आत दबला आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीला टेकला, तर भरलेल्या चेंबरमधून पंपाला ऑइल मिळत नाही. प्रेशर नसताना दोन किलोमीटरही खूप होतात, मग गाडी कितीही हळू चालवा. बाजूला घ्या, चावी बंद करा, पाच-दहा मिनिटांनी पट्टी बघा. ऑइल कमी निघालं तर भरा, पण स्टार्ट केल्यावर दिवा लगेच विझला नाही किंवा खालून ठोका आला तर पुन्हा बंद. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ला फोन लावा, नाहीतर ओळखीच्या टोइंगवाल्याला. गाडी उचलूनच न्या.